गलकेवाली अक्का

अंगणात शांतता झाली की अक्का घाबरायची. शेंगा निवडता निवडता तिचा हात थांबायचा, ती ताडकन उठायची आणि ओरडायची, "मेलात का रे बठ्ठा?" मग कुठल्या तरी कोपऱ्यातून पोरांची खुसखुस ऐकू यायची. कुणीतरी कुणाच्या डोक्यावर माती ओतत असायचं. ते दिसलं की अक्का निवांत खाली बसायची.

धुळ्यातल्या ज्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, माझी आई मशीनवर कापूस घालायची, त्याच्या कुंपणाला लागून अक्काची झोपडी होती. आधी तीही जिनातच होती. मशीनने उजव्या हाताची दोन बोटं खाल्ली आणि शेठने तिला घरी बसवलं. तेव्हापासून ती कामावरच्या बायांची पोरं सांभाळायची. पोरांच्या गोंगाटावरून मुकादम तिला 'गलकेवाली' म्हणायचा, शिवी म्हणून. आम्ही तेच लाडाने म्हणायचो.

मोजायला आम्ही तिच्या हातांवर शिकलो. म्हणून शाळेत मास्तरांनी दोन्ही हातांची बोटं किती, असं विचारल्यावर मी ठणकावून "आठ" म्हणाले आणि छडी खाल्ली. अक्काला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "मास्तरले सांग, बाकीना दोन शेठकडे शेतस."

पोरांवर तिने कधी हात उगारला नाही. खोडी केली की शिक्षा एकच: मुकादम व्हायचं. कापसाच्या मिशा लावून दाराशी उभं राहायचं आणि नुसतं ओरडायचं. मुकादमाशी कुणी खेळत नाही, त्याला कुणी शेंगदाणा देत नाही. माझ्या तान्ह्या भावाच्या, गण्याच्या, नाकात मी एकदा सरकी घातली. अक्काने ती काढली आणि मला मुकादम केलं. माझ्या मिशा रडून रडून भिजल्या. पुन्हा कुणाच्या नाकात मी काही घातलं नाही. शाळेतल्या छडीने मात्र मला काहीच शिकवलं नाही.

आता गोळीचं सांगते. कामावर जाणाऱ्या कितीतरी बाया सकाळी तान्ह्याला अफूची गोळी चाटवायच्या. पोर दिवसभर मुकाट पडून राहायचं. हे शेठला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, गोळी विकणाऱ्या दुकानदाराला तर होतंच. आज वाचून "अरेरे" म्हणणाऱ्यांनो, तुम्हालाही माहीत होतं. अक्का गोळी देत नसे. चाटवून आणलेलं पोर ती ओळखायची, जागं होईपर्यंत खांद्यावर घेऊन फिरायची आणि संध्याकाळी त्याच्या आईला फैलावर घ्यायची. "रडस म्हणजे जित्त शे," ती म्हणायची. "तुले गुपचूप पोर पाहिजे, तर बाजारमधून मातीनं लई ये."

मग शेठाणीने शहरातल्या चार शिकलेल्या बाया गोळा केल्या आणि जिनात पाळणाघर उघडलं. चुना दिलेल्या भिंती, रांगेत पाळणे आणि पांढऱ्या लुगड्यातली एक बाई. त्या बाईच्या कनवटीला गोळ्यांची डबी. मुकादमाने हुकूम सोडला, कामावर यायचं तर तान्हं पोर पाळणाघरात ठेवा. गलकेवालीची कार्टी कापसाच्या ढिगात नाचतात, असं कारण दिलं. नाचायचो, खरंच आहे. एकेक बाई आपलं मूल घेऊन गेली. शेवटी माझी आई निघाली तेव्हा अक्का आडवी आली.

"याले नको लई जाऊ, बाई."

"मंग मी खाऊ काय, अक्का? तुना गलका?"

अक्का बाजूला झाली.

त्यानंतर संध्याकाळचा भोंगा झाला की ती आमच्या घरी यायची, गण्याच्या मांडीला चिमटा काढायची. तो भोकाड पसरायचा. "चाल, जास मी," म्हणून ती निघून जायची. आई चिडायची, दार लावून घ्यायची. तरी ती यायचीच. पुढे पुढे गण्या उशिरा रडू लागला. मग एका संध्याकाळी तिने चिमटा काढला. पुन्हा काढला. आई म्हणाली, "पुरे कर, निळं पडी." अक्काने परत हात नेला आणि तसाच त्याच्या मांडीवर ठेवला.

जिनातून सांगण्यात आलं की पोर थंडीने गेलं. सुतक फिटायच्या आत आई मशीनवर होती. नसती गेली तर तिची जागा गेली असती.

त्याच आठवड्यात त्या शिकलेल्या बाया पाहणीला आल्या. फाटक उघडं होतं. अक्का सरळ आत शिरली, मी तिच्या पदराला धरून. पाळण्यांकडे पाहून एक बाई म्हणत होती, "किती गुणी मुलं! आमच्याकडे एकट्याने घर डोक्यावर घेतलंय."

अक्काने पहिल्या पाळण्यात हात घातला आणि चिमटा काढला. मग दुसऱ्या पाळण्यात. काही पोरं लगेच रडली, काहींना वेळ लागला. एकाला तर तिने उचलून गदगदा हलवलं तेव्हा कुठे ते किंचाळलं. खोली रडण्याने भरली.

"अहो, धरा तिला! मुलांना छळते आहे ही राक्षसीण!" पांढऱ्या लुगड्याकडे बोट दाखवायचं सोडून त्या शिकलेल्या बायांनी अक्काकडे दाखवलं.

यंत्रांच्या धडधडाटात ते रडणं कसं ऐकू गेलं, कोण जाणे. बाया कापूस टाकून धावत आल्या. सगळ्यांच्या पुढे माझी आई होती. तिचं आत कुणी उरलं नव्हतं. तिने हाताला आलं ते मूल उचललं आणि छातीशी धरलं.

मुकादम आणि शिपाई अक्काला ओढत नेत होते. पोलिसांनी पुढे तिला धुळ्यात राहू दिलं नाही. दोंडाईच्याला भावाकडे गेली आणि तिथेच वारली, एवढंच मला कळलं. पण त्या दिवशी फाटकापाशी तिने अंगाला एक हिसडा दिला, मागे वळली आणि माझ्या आईला ओरडून सांगितलं, "त्याले निजू देऊ नको!"

आईने मान हलवली. हातातलं पोर कुणाचं, हे तिने अजून पाहिलंही नव्हतं.