मागचा दिवा

संध्याकाळी गॅलरीतून खाली पाहिलं, तर शेजारचे देसाईकाका गाडीचा मागचा दिवा उघडून ब्रेकचा बल्ब बदलत होते. बल्ब बसवून ते आत बसले, ब्रेक दाबला आणि दिवा लागतो का ते बघायला उतरून मागे आले. पण पाय उचलला की ब्रेकचा दिवा विझणारच. ते पुन्हा आत गेले, पुन्हा मागे आले. काकू गेल्यानंतर गाडीचं काम काढायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी.

मी खाली गेले. "काका, दाबा ब्रेक. मी बघते."

मागची भिंत लाल झाली. "लागला," मी म्हणाले.

"ही उभी राहायची तिथे," ते आतूनच म्हणाले. "तिला गाडीतलं काही कळत नव्हतं. नुसतं 'लागला' म्हणायची."

आपल्या पाठीमागचं आपल्याला दिसत नाही. कुणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं, आणि ते माणूस असेतोवर त्याचं सांगणं आपल्या ध्यानातही येत नाही.

"झालं काका, सोडा आता."

त्यांनी पाय उचलला नाही. भिंतीवरचा उजेड तसाच राहिला, आणि मलाही तिथून हलवेना.