श्वास रोखणारा मेहुणा

माझा मेहुणा गेला तेव्हा सगळे म्हणाले, देवमाणूस होता. मेल्यावर सगळेच देवमाणूस होतात. मी मात्र एकेकाळी त्याच्यावर पाळत ठेवली होती, त्यामुळे मला जरा जास्त माहीत आहे.

माझं कुलपं दुरुस्त करायचं दुकान. या धंद्यात माणूस सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही. मेहुणा हवामान खात्यात निरीक्षक. नवी नवरी, म्हणजे माझी धाकटी बहीण, घरात सोडून स्वारी ध्रुवाजवळच्या संशोधन केंद्रावर हिवाळा काढायला गेली. जिथे सूर्य महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही, तिथे कुणी आपणहून जातं? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. परत आला तो अबोल होऊन. गल्लीने त्याचं नाव बर्फराव ठेवलं.

मग एके दुपारी धाकटी दुकानात आली आणि उगाच किल्ल्या चाळत बसली.

"दादा, हे जवळ आले की श्वास रोखतात."

"म्हणजे?"

"म्हणजे घाण वास आल्यासारखं करतात. मी दोनदा अंघोळ करून बघितली. किळस येते त्यांना माझी. नक्की दुसरी कुणीतरी आहे. मी तुझ्याकडे येते राहायला, कायमची."

माझं डोकं फिरलं. "थांब. आधी रंगेहाथ पकडतो त्याला."

दुसऱ्या दिवशी मी वेधशाळेच्या कुंपणाला चिकटून उभा. एक बाई दिसली, मी सरसावलो. ती पाऊस मोजायच्या भांड्याभोवतीचं गवत कापून निघून गेली. मग हा आला. झडपांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडलं, आतल्या तापमापकाजवळ तोंड नेलं, आणि छाती जागच्या जागी थांबली. मागे सरकला, श्वास घेतला, आकडा लिहिला.

"अहो, श्वास का रोखलात?" मी कुंपणाबाहेरूनच ओरडलो.

"दादा, तुम्ही इथे? श्वासाची ऊब लागली तर आकडा चढतो. तिकडे तर काचेवर बर्फच धरायचा."

"आणि घरी?"

"घरी काय?"

चोर असा गोंधळत नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. साहेबांना सांगून तो तसाच माझ्याबरोबर निघाला.

घरी धाकटी बॅग भरत होती. हा भडाभडा बोलला. त्या अख्ख्या हिवाळ्यात इतका बोलला नसेल. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघांनी मिळून रचलंय हे." संशय आमच्या रक्तातच आहे, तिला काय बोलणार?

"या इकडे. जवळ या," ती म्हणाली.

तो वाकला. छाती पुन्हा थांबली. या वेळी त्याचं त्यालाच कळलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

"सवय लागली," तो पुटपुटला. "तिथे सतत वाटायचं, आपल्या उबेनेच सगळं बिघडतं."

"इथे काही बिघडत नाही," धाकटी म्हणाली. "घ्या श्वास."

त्याने घेतला, आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागला. धाकटीने बॅगेतला हात काढून त्याच्या पाठीवर ठेवला.