कुत्रेवाल्या बाई

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कोथरूडच्या ज्या केंद्रात माझ्या मुलीला बोलायला शिकवत, तिथे त्या दर शनिवारी एका लठ्ठ लॅब्रेडॉरला स्कूटरवर पायाशी बसवून घेऊन यायच्या. कुत्र्याला म्हणायच्या, "या, आपण इकडे बसावं." आम्हा पालकांना नुसतं, "सरका!"

माझी मुलगी आठ वर्षांची, स्वमग्न. मी जवळ गेलो तरी कान झाकून घ्यायची. त्या कुत्र्याच्या पोटावर मात्र खुशाल डोकं टेकायची. आता खरंच सांगतो, मला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा.

खेळ सोपा होता. मुलीने "बस" म्हणायचं, कुत्र्याने बसायचं, मग त्याला बिस्किट. पण ती ओठ हलवायला लागली की मीच "बस" म्हणून मोकळा व्हायचो. घरीही पाणी, भूक, शू, सगळं तिच्या आधी मीच बोलायचो.

"अहो, तिच्या तोंडचा शब्द कशाला पळवता?" बाई एकदा म्हणाल्या. "हा बघा कसा वाट बघतोय. तुम्हालाच कसली घाई?"

मी तोंडावर हात ठेवला. बराच वेळ गेला. कुत्र्याची लाळ फरशीवर ठिबकत होती, पण तो जागचा हलला नाही. आणि मुलगी म्हणाली, "बस."

तिचा पहिला स्पष्ट शब्द. कुत्रा बसला. त्याच्या शेजारी मीही मटकन बसलो.

"दोघांनाही दे गं," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

मुलीने आधी त्याला दिलं, मग माझ्यासमोर हात धरला. बिस्किट कुत्र्याचं होतं. मी खाल्लं.