पहिलवान आणि सव्वा किलोची पोर

बेकरीत सगळे त्याला पहिलवान म्हणत. मैद्याचं पोतं तो एकटा खांद्यावर घ्यायचा. पण लेक दहा आठवडे आधी जन्मली, जेमतेम सव्वा किलोची. काचेच्या पेटीतून ती घरी आली तरी तिला उचलायला तो धजेना.

पाच महिने झाले तरी तिच्या मुठी उघडत नव्हत्या. लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे.

"लवकर जन्मलीय, म्हणून वय दहा आठवडे वजा करून मोजा," दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या. "पण स्नायू ताठ आहेत. दिवसातून तीनदा पाय हळूहळू उघडायचे, टाच खाली ओढून धरायची. कुरकुर करेल थोडी."

पहाटेची पाळी संपवून तो घरी आला की बायको कपड्यांच्या कारखान्यात जायची. त्यामुळे हे काम त्याच्या गळ्यात पडलं.

पहिल्याच दिवशी सांध्यात कट्ट वाजलं आणि पोर कळवळली. मोडला की काय पाय? त्यानं तिला छातीशी धरलं, आणि त्या पायांना पुन्हा हात लावला नाही.

"केलंस ना रे?" संध्याकाळी बायकोनं विचारलं.

"तीनदा."

महिनाभर हेच. पाय आणखी ताठ वाटू लागले, आणि ते जितके ताठ, तितका तो जास्त घाबरायचा.

तपासणीत टाच पहिल्याइतकीही वळेना. "घरी होतंय ना नीट?" बाईंनी बायकोला विचारलं.

"हा करतो की रोज."

"नाही करत," तो खाली बघत म्हणाला. "एकदाच केलं. मोडेल असं वाटतं."

बायकोनं पोरीला त्याच्यापासून जरा आपल्याकडे ओढून घेतलं. तेच त्याला फार लागलं. बाईंनी त्याच्या राकट पंजावर आपला हात ठेवून पोरीचा पाय वळवून दाखवला. "आवाज आला म्हणजे मोडलं नाही. रडली तर थांबा, गाणं म्हणा, पुन्हा करा."

तेव्हापासून तो जीव मुठीत धरून, बेसूर गात रोज करू लागला. सव्वा वर्षाची झाल्यावर ती बसली. दोन वर्षं उलटल्यावर, डाव्या पायाला आधाराची पट्टी बांधून, पलंगापासून खुर्चीपर्यंत चार पावलं चालली.

डावी टाच अजून पूर्ण टेकत नाही.

"त्या महिन्यामुळे का?" त्यानं बाईंना विचारलं होतं.

"कदाचित. कदाचित तशीही राहिली असती."

ते 'कदाचित' त्याच्या मनातून जात नाही. पोर उठली की तो हात पुढे करून तिच्या मागे मागे फिरतो. बायको म्हणते, "पडू दे रे. उठते ती."