गाळलेलं मधलं नाव

आमच्या साप्ताहिकात कोर्टाच्या बातम्यांचा रकाना मी बारा वर्षं लिहितोय. कोणी विचारलं की मी "कोर्ट बघतो" असं सांगायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा न्यायाधीशांच्या मांडीला मांडी लावून बसत असेल. तो गैरसमज दूर करण्याची घाई मी कधी केली नाही. खरं तर मी कोर्टाचा जिना क्वचितच चढायचो. तळमजल्यावरच्या फळ्यावर त्या दिवसाच्या खटल्यांची यादी लावतात. तिचा मोबाइलवर फोटो काढायचा, कँटीनमध्ये चहा घ्यायचा, ओळखीच्या शिपायाला दोन प्रश्न विचारायचे, की झालं माझं कोर्ट बघून.

रकाना अरुंद होता. नाव एका ओळीत बसवायला काहीतरी छाटावं लागायचं, म्हणून मी मधलं नाव गाळायचो. म्हणजे बापाचं. बारा वर्षांत असे शेकडो बाप मी उडवले. एकानेही तक्रार केली नाही, त्यामुळे आपला हात चांगला बसलाय असं मला वाटायला लागलं होतं.

एका सोमवारी सकाळी ड्रायव्हिंग मास्तर ऑफिसात आले. बाजाराच्या मागे त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एकच गाडी, तिला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. सव्वीस वर्षांत निम्मं गाव त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं. कमी उंचीच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या डिकीत तीन जाडीच्या उशा असतात. खोकल्याच्या औषधात काय काय आहे ते बाटलीवर वाचल्याशिवाय चमचा न भरणारा हा माणूस.

त्यांनी आमचा ताजा अंक माझ्या टेबलावर उलगडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अमुक इसमास सहा महिने कैद. अमुक म्हणजे मास्तरांचं नाव आणि मास्तरांचं आडनाव.

"हा मी आहे का?" त्यांनी विचारलं.

"एका नावाची माणसं असतात, मास्तर," मी शहाण्यासारखं म्हणालो.

"असतात ना. मग यातला कोणता, ते कुठे लिहिलंय?"

मधलं नाव तर मीच गाळलं होतं. मास्तरांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच मला जास्त ओशाळं वाटलं. शनिवारपासून त्यांचे तीन विद्यार्थी गळाले होते. एका मुलीच्या आईने तर फोनवर काळजीने विचारलं होतं, "तुम्ही आत गेल्यावर तिचे उरलेले तास कोण घेणार?"

"चला," मास्तर म्हणाले. "कोर्टात जाऊन बघू. तुम्हाला तर वाट पाठच असेल."

त्यांच्या शिकाऊ गाडीत बसून आम्ही कोर्टात गेलो. आत शिरल्यावर माझे पाय सवयीने फळ्यापाशी थांबले.

"इथे काय?" मास्तर म्हणाले. "ही आजची यादी. आपल्याला हवाय लागून गेलेला निकाल."

निकाल लागलेल्या केसेस कुठे ठेवतात ते मला माहीत नव्हतं. शेवटी माझ्याच शिपायाला विचारलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "रेकॉर्ड रूम? तुम्हाला?" मग मागच्या इमारतीकडे हात केला. मी आजवर ते सायकल स्टँड समजत होतो.

रेकॉर्ड रूममध्ये छतापर्यंत कापडात बांधलेले गठ्ठे होते आणि एका टेबलामागे चष्म्याला दोरी लावलेल्या बाई बसल्या होत्या.

"केस नंबर?" त्यांनी विचारलं.

"नंबर नाही हो. हा त्या दिवसाच्या यादीचा फोटो आहे. बारा वर्षं असेच काढतोय."

बाईंनी मोबाइल हातात घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. "हा काय, नावाच्या डावीकडे. इतकी वर्षं फोटो काढताय म्हणता, मग बघता काय त्यात?"

त्यांनी अर्जाचा कागद पुढे केला. त्यात 'नोंद पाहण्याचे कारण' अशी एक रिकामी जागा होती. मी तिथे 'माहितीसाठी' असं लिहिलं. मास्तरांनी माझ्या हातातून पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'चूक दुरुस्त करण्यासाठी'. मी खाली सही केली.

वीस मिनिटांनी फाइल आली. पहिल्याच पानावर पूर्ण नाव होतं; ते माझ्या फोटोतही होतं, मीच बघितलं नव्हतं. वडिलांचं नाव मास्तरांच्या वडिलांचं नव्हतं. वय एकोणतीस. मास्तर अठ्ठावन्नचे. श्वास तपासणाऱ्या यंत्राची चिठ्ठी पिनने लावलेली होती. मला जरा हुरूप आला आणि मी विचारलं, "आणि त्याची सहा महिने कैद?"

"कुठली कैद?" बाईंनी शेवटचं पान काढलं. "दंड भरलाय आणि लायसन्स सहा महिन्यांसाठी बंद केलंय."

शिपाई मला म्हणाला होता, "सहा महिने लागले त्याला." त्या सहा महिन्यांना तुरुंग मीच जोडला होता.

"कायद्यात पहिल्या खेपेला दंड किंवा कैद किंवा दोन्ही असं आहे," बाई म्हणाल्या. "ते फार तर किती देता येईल, त्याचं माप. दिली किती, ते निकालात बघायचं."

"दुसऱ्यांदा सापडला तर?" मास्तरांनी विचारलं.

"मग शिक्षा वाढते. आधीची केस इथूनच काढून पुढे ठेवतात."

"आणि ज्याच्यावर नुसता खटला भरलाय, तो?"

"निकाल लागेपर्यंत त्याच्यावर नुसता आरोप. त्याला दारुडा म्हणता येत नाही."

मास्तर हे सगळं खिशातल्या वहीत टिपून घेत होते. पत्रकार मी होतो आणि माझ्याकडे कागद नव्हता. त्यांनी एक पान फाडून दिलं.

आता खुलासा छापायचा होता. यात तरी माझा हातखंडा, असं मला वाटलं. पहिला मसुदा असा: 'दारू पिऊन गाडी चालवणारे ते आपले मास्तर नव्हेत.' मास्तर म्हणाले, "म्हणजे पुन्हा मी आणि दारू एकाच ओळीत." दुसरा असा: 'मास्तर दारू पीत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे.' हा वाचून ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मीच तो फाडला. तिसरा मी घरी लिहिला. त्यात मास्तर 'पूर्ण शुद्धीत असल्याचे आढळले' होते. तो वाचून बायको हसत हसत स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"अहो, चूक तुमची ना?" डोळे पुसत ती म्हणाली. "मग तुमच्याबद्दल लिहा. त्या बिचाऱ्याला कशाला सोलताय?"

मग मी लिहिलं, की गेल्या अंकात मी कागद न वाचता बातमी दिली. शिक्षा झालेला तरुण वेगळा. त्यालाही कैद झालेली नाही, फक्त लायसन्स बंद झालंय. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आणि कोर्टाची रेकॉर्ड रूम मागच्या इमारतीत आहे, हे मला बारा वर्षांनी कळलं. संपादक शेवटचं वाक्य कापायला निघाले होते. मी अडून बसलो. ते म्हणाले, "राहू दे, हसतील तरी लोक." लोक खरंच हसले. बरेच दिवस हसले.

मास्तरांचे दोन विद्यार्थी परतले. तिसरा दुसऱ्या स्कूलमध्ये गेला तो गेलाच. याबद्दल मास्तरांनी मला कधी टोचलं नाही. त्यांनी नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला दंड आणि लायसन्सबंदीचा धडा मात्र सुरू केला, आणि त्यांची वही माझ्या रकान्यापेक्षा अचूक असते. मीही आता दर बुधवारी बाईंसमोर अर्ज भरतो. नावं पूर्ण छापतो. ओळ वाढली तर वाढू देतो.

चारेक महिन्यांनी एक तरुण ऑफिसात आला. त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि मधल्या नावावरून मी त्याला ओळखलं.

"तुम्ही ते जेलचं दुरुस्त केलंत, बरं झालं," तो म्हणाला. "आई चार दिवस घराबाहेर पडली नव्हती."

मास्तरांच्या गडबडीत या आईचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मी त्याची माफी मागितली. तो अवघडला. म्हणाला, "प्यालो होतो, ते तर खरंच होतं." मग त्याने विचारलं, ते सहा महिने निकालाच्या तारखेपासून धरतात, की लायसन्स जमा केल्यापासून?

पूर्वीचा मी असतो तर कँटीनमधलं काहीतरी ठोकून दिलं असतं. "मला माहीत नाही," मी म्हणालो, "पण कुठे लिहिलंय ते माहीत आहे."

आम्ही दोघं चालतच गेलो. बाईंनी शेवटचं पान काढलं, चष्मा लावला आणि 'लायसन्स जमा केल्यापासून' हे शब्द आणि पुढची तारीख वाचून दाखवली. त्याने बोटांवर हिशेब केला. अजून एकेचाळीस दिवस होते.