बायडाबाईचं उंच जोतं

आमच्या सोसायटीत नियमानं बांधलेलं घर एकच आहे आणि ते बायडाबाईचं. बाकी आम्ही सगळे ओळखीचे लोक.

दिंद्रुडच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला, साखर कारखान्याच्या कामगारांनी ही गृहनिर्माण सोसायटी काढली. मंजुरीबरोबर एक अट आली. मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर कोण्या जुन्या पुराची खूण आहे, प्रत्येक घराचं जोतं त्या खुणेच्या हातभर वर पाहिजे. अट आली त्या साली ओढ्यातल्या वाळूलासुद्धा ओल नव्हती. जनावरं छावणीत होती आणि माणसं टँकरमागं हंडे घेऊन पळत होती. प्यायला पाणी नाही आणि पुराची भीती कसली घालता, म्हणून आम्ही पोट धरून हसलो. हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. चेअरमन मोहनराव आमच्यातलेच. आमची गुडघ्याएवढी जोती नियमात बसतात असं त्यांनी कळवून टाकलं आणि विषय मिटला.

बायडाबाईचा नवरा सिदू मेंढपाळ. त्याला मिळालेला प्लॉट ओढ्याच्या अगदी कडेचा, दुसरं कोणी घेईना म्हणून पदरात पडलेला. त्याची मोहनरावांशी ओळख नव्हती, त्यामुळं नियम त्याला पुरा लागू झाला. इंजिनिअर आला, टेप लावून गेला आणि सांगून गेला की जोतं छातीएवढं झाल्याशिवाय घरकुलाचा पुढचा हप्ता मिळणार नाही. घर दोन खोल्यांचं आणि खाली एवढा थोरला ओटा, नाकापेक्षा मोती जड! जाणारा-येणारा विचारायचा, "सिदू, माडी बांधतो काय बे?"

सिदू हसायचा. बायडाबाई हसत नसे. ओढ्यात झिरा खणून ती वाटीवाटीनं हंडा भरायची आणि जोत्याच्या बांधकामावर पाणी मारायची. शेजारणी म्हणायच्या, "पेयाचं पानी दगडाला पाजतीस व्हय गं?" ती म्हणायची, "पक्कं हू द्या माय. येकदाच बांधायचं हाय."

तिचं खरंच होतं. लग्न झाल्यापासून वीस वर्षं तिनं दार लावून घेतलं नव्हतं, कारण दारच नव्हतं. मेंढरांमागं आज या शिवारात, उद्या त्या. तिची लेक शिवकन्या, आता सासरी असते ती, आष्टीकडं भटकंतीत असताना बाभळीखाली जन्मली. मेंढरं उशाला निजायची, तिचं लुगडं चघळायची, पिठाच्या डब्यात तोंड घालायची. तिला मेंढरांचा राग नव्हता. तिला फक्त एक फरशी हवी होती, जिच्यावर लेंडी पडणार नाही.

घर झालं. मेंढरांचं काट्यांचं वाडगं घराशेजारी खालीच राहिलं. संध्याकाळी भाकरीचा वास आला की मेंढरं पायऱ्या चढू लागत. बायडाबाई वरच्या पायरीवर झाडायचा फडा घेऊन उभी राही आणि जी पुढं येईल तिच्या नाकाडावर हाणी. म्होरक्या मेंढीला जास्त हाणी, कारण ती वळली की सगळी वळतात. दिवाळी यायच्या आत एकही मेंढरू पायरीला खूर लावीनासं झालं.

"मुक्या जनावराला कावून मारतीस?" सिदू विचारायचा.

"वाडगं तुमचं, घर माजं," ती म्हणायची.

मला तर तिचं कौतुकच वाटायचं. माझी नातवंडं चपला घालून थेट देवघरापर्यंत जातात, कोण त्यांना वळण लावणार?

मग ते साल आलं. चार वर्षं तोंड न दाखवणारा पाऊस उत्तरा नक्षत्रात लागला तो थांबेचना. मेंढरांच्या खुरांना जखमा झाल्या, म्हणून सिदू औषध आणायला माजलगावला गेला होता. दुपारी वरच्या अंगाचा पाझर तलाव फुटला आणि ओढा गावात आला. माझ्या घरात बघता बघता पाणी उंबरा ओलांडून चुलीपर्यंत गेलं. मी बायकोचा दंड धरला आणि बायडाबाईचं घर गाठलं. सगळी आळीच तिकडं पळत होती. तिनं एकेकाला हात देऊन वर घेतलं. चिखलाच्या पायांनी आम्ही तिच्या फरशीवर उभे राहिलो. मग ती खाली उतरली, वाडग्याच्या तोंडावरची काट्यांची झापड ओढून टाकली आणि पुन्हा वर येऊन मेंढरांना हाका मारू लागली.

मेंढरं आली. धावतच आली. म्होरकीनं पहिल्या पायरीवर पुढचे पाय टेकले आणि मान वर केली. वर बायडाबाई उभी होती. म्होरकी वळली. तिच्यामागं सगळी वळली.

बायडाबाईनं भाकरी दाखवली. पुन्हा आली, पुन्हा पायरीपाशी थबकली, पुन्हा वळली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तो चेहरा मी पाहिला आहे आणि मला तो विसरता येत नाही. ती घरात पळाली, दाराआड लपली आणि तिथून हाका मारू लागली. "या रं... या माज्या लेकरांनो... मारत न्हाई, या..." आवाज ओळखून मेंढरं केविलवाणी ओरडत होती. पायरी मात्र चढेनात.

मग ती पाण्यात उतरली. शेजारचा उत्तरेश्वर उतरला, मीही उतरलो. भिजलेल्या लोकरीचं ओझं एवढं की एक मेंढरू ओढताना माझी कंबर मोडायची वेळ आली. बायडाबाईनं म्होरकीला कानाला धरून तिसऱ्या पायरीपर्यंत नेलं, तर तिनं हिसडा देऊन खाली उडी घेतली. चार कशीबशी वर आली. बाकीची काट्याच्या कुपाटीला बिलगून उभी राहिली, एकमेकांच्या अंगात तोंड खुपसून, आणि पाण्यानं ती कुपाटीसकट नेली. ओट्यावर अजून भरपूर जागा होती.

सिदू अंधार पडता पडता आला. वाडग्याच्या जागी त्याला चिखल दिसला.

"वर कावून न्हाई घेतली?"

"आली न्हाईत."

"आली न्हाईत म्हंजी?"

"म्या वर हुबी हुते," ती म्हणाली.

सिदूनं तिला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

पंचनामा झाला. आम्हा सगळ्यांच्या भिंती पडल्या होत्या, आम्हाला भरपाई मिळाली. बायडाबाईच्या घराला तडासुद्धा नव्हता. मेंढरं म्हणाल, तर मेलेली जनावरं दाखवल्याशिवाय नोंद होत नाही, आणि ती तर वाहत खालच्या धरणाच्या पाण्यात गेलेली. पंचनाम्याला आलेले साहेब मात्र खूश झाले. "नियम पाळला की काय होतं ते बघा," असं आम्हाला सुनावून त्यांनी त्या घराचा फोटो काढला. बायडाबाईला पायरीवर उभं राहायला सांगितलं. ती राहिली. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि माझी स्वतःची भिंत पडलेली असल्यामुळं बोलायला तोंडही नव्हतं.

दसरा झाल्यावर सिदू एका मुकादमाच्या टोळीत ऊस तोडायला गेला. ज्या हातानं कधी कोयता धरला नव्हता, त्या हातानं. बायडाबाई वाचलेल्या चार मेंढरांसाठी मागं राहिली. ती मेंढरं मोकळी सोडल्याबरोबर पायऱ्या उतरून गेली होती आणि खालीच राहिली.

आता थंडी पडली आहे. परवा सकाळी मी तिकडून चाललो होतो. बायडाबाई खाली चिखल वाळलेल्या जमिनीवर, मेंढरांच्या मध्ये, घोंगडी पांघरून बसली होती. अंथरूण तिथंच होतं. वर घराला कुलूप.

"अगं, हाडं गोठतील," मी म्हणालो. "एवढं पक्कं घर असताना वर का झोपत नाहीस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. शेजारच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, "त्यांला चढू दिलं न्हाई, भाऊ. आता म्या कोंच्या तोंडानं चढू?"