टॅड गोरेकीने पारखलेली गाडी

"ती गाडी माझ्या दारात उभी राहणार नाही!"

"दारात नको तर मागच्या गल्लीत लावीन."

"गल्लीसुद्धा ह्याच गावची आहे."

हे भांडण टॅड गोरेकी आणि त्याची लेक बर्नडेट ह्यांचं. त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर आहेत, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा. मी भांडी घासत होते. नळ बंद केला. पाण्याच्या आवाजात माणसाला अर्धवट ऐकू येतं, आणि अर्धवट ऐकण्यातूनच सगळे गैरसमज होतात.

"कारखान्याला टाळं लागलं, बाबा. त्याला वर्षं झाली. इमान राखतोयस ते कुणाशी? टाळ्याशी?"

"जपानी गाडीत बसून तू चर्चला येणार? स्टॅनच्या डोळ्यांदेखत?"

"स्टॅनच्या बायकोची शिलाई मशीन जपानी आहे. तिला नाही कुणी चर्चबाहेर काढलं."

"शिलाई मशीन कुणी रस्त्यावर मिरवत नाही!"

"मला कुठे मिरवायचंय? मला कामावर जायचंय. भर हिवाळ्यात, पार मोठ्या इस्पितळापर्यंत. सकाळी सुरू होईल आणि वाटेत बंद पडणार नाही अशी कुठलीही गाडी दे. मोटारीला हात न लावणाऱ्या त्या आमिश लोकांची घोडागाडी दिलीस तरी चालेल."

नंतर टॅडचा आवाज आला, पार उतरलेला. "हिवाळा सरेपर्यंत थांब, बर्नी. मी तुला आपली शोधून देतो."

आपली म्हणजे ब्लॅकथॉर्न. आमच्या गावच्या कारखान्यात बनायची. चार दारांची, लांबून बघाल तर शाळामास्तरणीची गाडी वाटावी; पण पाय दाबला की चोर पोलिसाला बघून पळावा तशी सुटायची. गावातली अर्धी माणसं त्या गाडीच्या जिवावर जेवली. माझा नवरा रंगखात्यात होता, जाईपर्यंत त्याच्या नखांतून निळा रंग निघाला नाही. टॅड दारं बसवायचा, त्याचा दोस्त स्टॅन त्याच्याच शेजारी. मग लोकांना उंच उंच गाड्या आवडायला लागल्या, कंपनीने ब्लॅकथॉर्न बंद केली आणि तिच्याबरोबर आम्हालाही.

कारखाना गेला पण टॅडची नजर गेली नाही. गावात कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की आधी टॅडला न्यायचं, असा रिवाजच पडला. पैसे घ्यायचा नाही. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं भांडं दाराशी ठेवायचं आणि म्हणायचं, "टॅड, जरा येतोस का?" तो जायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा, मग सरळ जमिनीवर आडवा. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने बर्फ वितळतो आणि गाड्याही वितळतात. वरून नवरीसारखी दिसणारी गाडी खालून चाळणी झालेली असते. म्हणून आमची माणसं गाडी पाठीवर पडून पारखतात. टॅडच्या खिशात एक लोहचुंबक असायचं, ते पत्र्यावरून फिरवायचा. जिथे चिकटणार नाही तिथे गंज लपवायला पुट्टी भरलेली. ब्लॅकथॉर्न असली तर पायाखालच्या ब्रेकचं रबर बघायचा, टायरच्या कडा बघायचा. म्हणायचा, "असल्या गाड्या तरण्या पोरांनी छळलेल्या असतात. घड्याळातले मैल खोटं बोलतील, रबर नाही बोलत." गाडी पसंत पडली तर एकच शब्द, "घे." नाही पडली तर मालकाकडे वळून, "कॉफी आहे का?" की समजायचं, संपलं.

तर ह्या टॅडला लेकीसाठी ब्लॅकथॉर्न शोधायची होती. बायको लॉरेन गेल्यापासून बाप-लेक दोघंच त्या घरात. बर्नीचा नवरा कधीच पळालेला, ती इस्पितळात रुग्णांची उठबस करायची. हिवाळाभर तिला शेजारच्या परगण्यात कुणा ना कुणाच्या गाडीत बसून जावं लागायचं, आणि टॅड शनिवार-रविवार गाड्या बघत हिंडायचा. ही खालून कुजलेली, ती छळलेली. बर्नी चिडवायची, "बाबा, माझ्यासाठी नवरा शोधतानाही इतका हिंडला असतास तर!"

एप्रिलमध्ये बातमी लागली. हमरस्त्याच्या कडेला मैदानात गाड्या लावून विकणारा एक माणूस होता, त्याच्याकडे ब्लॅकथॉर्न आली होती, फ्लॉरिडाहून. आमच्याकडे 'फ्लॉरिडाची गाडी' असं म्हटलं की माणसाचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली येतो. तिकडे बर्फ नाही, म्हणून मीठ नाही, म्हणून गंज नाही. त्या बाजूला अंडी स्वस्त मिळतात, म्हणून मीही टॅडच्या पिकअपमध्ये बसले.

गाडी गडद हिरवी होती. टॅडने कोट काढून चिखलात पसरला आणि खाली गेला. नुसते त्याचे बूट दिसत होते. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा चेहरा असा, जणू खाली कुणी त्याला त्याचं तरुणपण दाखवलं. "बर्नी," तो म्हणाला, "खाली सगळं लख्ख आहे. कारखान्यातून निघाली तशी."

मग त्याने दार उघडलं. दाराच्या आतल्या पट्टीवर गाडी कधी बनली ते लिहिलेलं असतं. कारखान्याचा शेवटचा शरद ऋतू. टॅडने दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, कान देऊन. "हे मी बसवलंय," तो म्हणाला. आता एका पाळीत शेकड्याने दारं बसत, त्यातलं एक कसं ओळखायचं? पण लॉरेन गेल्यापासून त्याला इतकं खूश बघितलं नव्हतं.

बर्नी आत बसली होती. म्हणाली, "बाबा, आत कुबट वास येतोय."

"दक्षिणेत हवा दमट असते."

"नाही, तळघरासारखा येतोय."

"अगं, महिनोन्‌महिने काचा बंद करून ठेवलेली गाडी, तिला काय गुलाबाचा वास येणार? चार दिवस काचा उघड्या ठेव."

विकणाऱ्याने आरशाला सुगंधी कागदाचं झाड टांगलं होतं. तो हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं." हे मात्र त्याने खोटं सांगितलं नाही. गाडीचं सगळं कळत होतं टॅडला. खालून येणारं मीठ त्याला दहा हातांवरून दिसायचं. पण आम्ही उत्तरेची माणसं; गाडीचा वैरी वरूनही येतो, खिडकीतून आत शिरतो, हे आमच्या कुणाच्या स्वप्नातही नाही. गाडीच्या कागदपत्रांतही काही खोट नव्हती. बर्नीने बापाकडे बघितलं.

"घे," टॅड म्हणाला.

उन्हाळा मजेत गेला. गाडी बाणासारखी पळायची. रविवारी चर्चसमोर स्टॅन तिच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "टॅड, ही तुझ्या लेकीपेक्षा देखणी आहे." बर्नी म्हणाली, "आणि तुझ्या पोटापेक्षा सडपातळ." पानगळीत आतले दिवे मधूनच मिणमिणायला लागले. टॅडने बॅटरी बदलली. काचा आतून धूसर व्हायच्या. त्याने दारांची रबरं बदलली. वास काही गेला नाही, पण बर्नीने पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

जानेवारीत एका दुपारी बर्नी कामावरून परत येत होती. बर्फाचं वादळ उठलं, दिवसाढवळ्या पुढचं काही दिसेना. हमरस्त्याच्या मधोमध गाडीतली सगळी वीज एका झटक्यात गेली. इंजिन बंद, दिवे बंद. गाडी अडली की लुकलुकणारे दिवे लावतात, तेही लागेनात. पांढऱ्या बर्फात गडद गाडी, पण मागच्या मालट्रकवाल्याला ती दिसेपर्यंत उशीर झालेला. त्या बिचाऱ्याचाही दोष नव्हता.

बर्नी वाचली. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

टॅड इस्पितळातून निघाला तो घरी आला नाही, मोडक्या गाड्यांच्या आवारात गेला. स्टॅन त्याच्याबरोबर होता, त्याने मला सांगितलं. टॅडने आधी पुढच्या सीटचा पट्टा ओढून पूर्ण बाहेर काढला. एरवी जो भाग गुंडाळलेला असतो, त्यावर तपकिरी रेघ, जिथपर्यंत पाणी चढलं होतं तिथपर्यंत. मग त्याने पायाखालचं कार्पेट उचकटलं. खाली वाळलेला गाळ, पिठासारखा मऊ, आणि त्यात गवताची काडी. तिकडे वादळात पूर येतात. गाडी गळ्यापर्यंत बुडालेली होती. कुणीतरी धुतली, पुसली, उत्तरेला पाठवली. तारा आतल्या आत वर्षभर सडत होत्या. विकणाऱ्याचं मैदान तोवर रिकामं झालं होतं.

"कार्पेटचा एक कोपरा," टॅड म्हणत राहिला. "एक कोपरा उचलला असता तर."

बर्नी घरी आली. भांडणात ती पोरगी पटाईत, बापाशी मिठावरून भांडायची, चर्चवरून भांडायची. मी खिडकीशी कितीदा थांबले असेन, की आता ती ओरडेल, की मी तुला सांगितलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. बाप वाट बघायचा त्या शब्दाची, आणि ती त्याला सूप पुढे करून म्हणायची, "गार होतंय."

गावातून भांडी यायची थांबली नाहीत. टॅड दार उघडून भांडं परत हातात द्यायचा. "आता मला दिसत नाही," म्हणायचा. नजर तर घारीसारखी होती. स्टॅनला राहवेना. कुंपणाशी त्याला गाठून म्हणाला, "अरे, आयुष्यात एक गाडी चुकली तुझी. एकच!"

"लेकही एकच आहे, स्टॅन."

स्टॅन टोपी खाली ओढून घरी गेला.

बर्नीला नकली पाय बसला. इस्पितळाने तिला बसून करायचं काम दिलं, आणि टॅड तिला रोज पिकअपमधून पोचवायला लागला. डॉक्टर म्हणाले, उजवा पाय धड आहे, हिला गाडी चालवता येईल. ती म्हणायची, बघू. वर्षं गेली. टॅड थकला. पिकअपच्या पायरीवर चढताना दाराला लोंबकळायचा.

मग एका शनिवारी बर्नी आपणहून म्हणाली, "बाबा, चल, एक गाडी बघायचीय." शिक्षिका होती एक, निवृत्त झालेली, तिची साधी राखाडी गाडी. मी मध्ये बसून गेले. टॅड आधी नाहीच म्हणाला होता. बर्नी म्हणाली, "मग मी न बघता घेते." तेव्हा निघाला.

त्याने ती गाडी सकाळभर बघितली. खाली झोपला, उठवायला आम्ही दोघी लागलो. कार्पेटचे चारही कोपरे उचलले. पट्टे ओढले. स्टेपनी काढून खड्ड्यात हात घातला. सीटखाली नाक खुपसून वास घेतला, पुन्हा घेतला. ती शिक्षिका मला हळूच म्हणाली, "ह्यांचं काही हरवलंय का?"

गाडी चांगली होती. मला, अडाणी बाईलाही कळत होतं, चांगली होती.

बर्नी काठीवर रेलून उभी होती. म्हणाली, "तू म्हणालास तर घेते."

टॅडने टपावर हात ठेवला. ओठ हलले. आम्ही थांबलो.

"माझ्याच्याने म्हणवत नाही, बर्नी," तो म्हणाला. "गाडीत काही खोट नाही. पण म्हणवत नाही."

"मी मागतेय ना? मी विश्वास ठेवतेय."

"तू ठेवतेस गं. माझा नाही राहिला."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. मग शिक्षिकेला म्हणाली, "माफ करा, बाई. गाडी छान आहे." आणि बापाच्या कोटाला लागलेला चिखल झटकून पिकअपकडे निघाली. येताना वाटेत घेतलेली अंडी मी मांडीवर धरून बसले होते.

त्यानंतरच्या मार्चमध्ये टॅड दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. डोकं एका बाजूला झालं, एवढंच. त्या दिवशी सकाळचं मात्र मी खिडकीतून बघितलं.

रात्री पुन्हा बर्फ पडला होता. टॅड बर्नीच्या आधी बाहेर आला. काचांवरचा बर्फ खरवडला, तिच्या बाजूचा आधी. पिकअप सुरू करून ठेवली, आत ऊब येईपर्यंत. पायरीपासून दारापर्यंत राख टाकली, तिचा पाय घसरू नये म्हणून. ती आली, काठी त्याच्या हातात दिली, त्याच्या खांद्यावर भार टाकून चढली.

"डबा घेतलास?"

"घेतला."

"हातमोजे?"

"बाबा, मी पन्नाशीची आहे."

"हातमोजे?"

तिने खिशातून काढून दाखवले. त्याने तिच्या अंगावरून पट्टा ओढला, खटकन अडकला ते ऐकलं, दार लावलं, आणि मग पिकअपला धरत धरत वळसा घालून आपल्या बाजूला गेला.